वाटेभर दिवे

शर्यत रात्री आठला सुटायची, ती साडेनऊला सुटली, कारण पाहुणे आले नव्हते. छातीवर नंबर लावायला टाचण्याही नव्हत्या. ते चिकटपट्टीने लावले आणि पहिल्या घामातच गळून लोकांच्या पायाखाली आले. ड्रायव्हरला त्याचं काही वाटलं नाही. त्याचा सगळा जीव पत्रकातल्या एका ओळीत अडकला होता : वाटेभर दिव्यांची सोय.

येत्या सोमवारपासून त्याला रात्रीची बस लागली होती. बावीस वर्षं दिवसाची बस चालवली, कुणाला खरचटलंही नाही. पण गेल्या वर्षापासून दिवस मावळला की डोळ्यांपुढे काळं कापड धरल्यासारखं व्हायचं. घरात तो ताटातली वाटी चाचपत शोधायचा. "साहेबांना सांगून टाका," बायको म्हणायची. "सांगितलं की गाडी गेली," तो म्हणायचा. शेवटी त्याने स्वतःशीच पैज लावली. एकवीस किलोमीटरची ही रात्रीची शर्यत धडपणे पार पडली, तर रात्रीची बसही जमेल. चार महिने तो गाजरं खात होता आणि डेपोच्या आवारात पळत होता. पळायचा तेही उजाडल्यावर.

दुसऱ्या किलोमीटरलाच दिवे संपले. जनरेटर आणला होता तो व्यासपीठापुरता.

शेजारी त्याचा कंडक्टर पळत होता. पंधरा वर्षं दोघं एकाच गाडीवर. कंडक्टर आला होता तो पोट उतरवायला, आणि तोंड मात्र पायांपेक्षा जास्त चालवत होता. पुढे मोबाइलचे चार-दोन दिवे हलत होते. ड्रायव्हरला ते नुसते ठिपके दिसत होते. त्यांच्याखाली रस्ता असेल असं धरून तो पाय टाकत होता. सहाव्या किलोमीटरला तो पाण्याच्या पिंपावर जाऊन आदळला.

"लेका, एवढं हत्तीएवढं पिंप दिसलं नाही?"

"पाणी प्यायचं होतं."

"ग्लास कुठे ठेवलेत त्यांनी? मुंडकं घालून पिणार होतास?"

ड्रायव्हर हसल्यासारखं करून पुढे निघाला. गुडघ्यातून रक्त येत होतं, ते त्याला हाताला लागलं तेव्हा कळलं.

बाराव्या किलोमीटरला चौकात गर्दी थांबलेली. पुढे गेलेले लोक शिव्या देत परत येत होते. बाण डावीकडे दाखवत होता आणि डावीकडे एका गोदामाचं कुलूपबंद फाटक होतं. स्वयंसेवक कधीच घरी गेले होते.

"उजवीकडे चला," ड्रायव्हर म्हणाला. "चढ लागेल, मग पूल, मग शाळेचा थांबा. रोजचा रस्ता आहे माझा."

"अरे, पण एवढा बाण लावलाय तो?" कंडक्टर म्हणाला.

"कुठला बाण?"

बाण हातभर अंतरावर होता. माणसाएवढा, पांढरा, आणि कुणीतरी त्याच्यावर मोबाइलचा उजेड धरला होता. कंडक्टरने आपला पंजा ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोरून सावकाश फिरवला. पापणी लवली नाही.

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"आणि सोमवारी?"

ड्रायव्हर गुडघ्यावरचं रक्त पुसू लागला.

"सोमवारी चाळीस माणसं बसणार होती तुझ्या पाठीमागे," कंडक्टर म्हणाला. "आणि मी उभा."

आता हा निघून जाणार, असं ड्रायव्हरला वाटलं. गेला असता तर त्याने बोलही लावला नसता. कंडक्टर बाजूला जाऊन थुंकला, परत आला आणि त्याने ड्रायव्हरचं कोपर धरलं.

"चल. रस्ता तू सांग, खड्डे मी सांगतो."

गाडीत एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. कंडक्टरने तेच त्याच्या पाठीवर थापा मारून सुरू केलं. एक थाप पडली की ड्रायव्हर पाय आवरायचा, दोन पडल्या की सोडायचा. वळण यायच्या आतच ड्रायव्हर ते सांगायचा, आणि मागची गर्दी मुकाट्याने त्यांच्यामागून यायची. दमला तर तो होताच. पण वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी एका बाजूने उचलून धरल्यासारखं वाटत होतं.

ते पोचले तेव्हा व्यासपीठ उतरवायला घेतलं होतं. शर्यतीची पदकं संपली होती, म्हणून त्यांच्या गळ्यात चित्रकला स्पर्धेची घातली. डेपोचे साहेब घडीच्या खुर्चीवर बसून आपल्या माणसांची वाट बघत होते.

"शाब्बास," साहेब म्हणाले. "सोमवारी रात्रीच्या गाडीवरही असाच दम दाखवा."

कंडक्टर या वेळी तोंड मिटून उभा राहिला.

"साहेब," ड्रायव्हर म्हणाला, "मला रात्री दिसत नाही."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, रक्ताळलेल्या गुडघ्याकडे पाहिलं. "मग आलात कसे इथवर?"

"ह्याने आणलं."

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"गाडी जाईल म्हणून."

"गाडी जाईलच," साहेब म्हणाले. "सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, मग माझ्याकडे या. तुमच्यासारखा, गाडीची कुरकुर नुसत्या कानाने ओळखणारा माणूस वर्कशॉपला कधीचा हवाय."

ड्रायव्हरने मान हलवली. तो तिथेच फुटपाथवर बसला आणि पोटभर श्वास घेतला, बुडता माणूस वर येऊन घेतो तसा.

थोड्या वेळाने दोघं घराकडे निघाले. कंडक्टरने त्याचा हात धरला होता, लहान पोराचा धरावा तसा घट्ट.

"सोड आता," ड्रायव्हर म्हणाला. "लोक बघत असतील."

"बघू देत. तुला कुठे दिसतायत?"

रिकाम्या रस्त्यात ड्रायव्हर इतका हसला की त्याला थांबून कंडक्टरच्या खांद्यावर डोकं टेकावं लागलं.