आधी भट्टी, मग रंग

"सात बिजागऱ्या," भट्टीवाला म्हणाला. "आठवी कुठंय?"

टेबलापलीकडचा म्हातारा खिसे चाचपू लागला. त्याच्यासोबतच्या बाईने वही उघडली. वहीत आठ लिहिल्या होत्या. प्रत्येकीला तिने चिठ्ठी बांधली होती. पुढची, मागची, डावी, उजवी, वरची, खालची.

"घरी राहिली असेल," म्हातारा म्हणाला. "पुढच्या शनिवारी आणतो."

भट्टीवाल्याने कपाळाला हात लावला. किती वेळा समजावलं होतं दोघांना! गंज लागू नये म्हणून पावडर मारलेला भाग दोनशे अंशांवर भाजायचा. त्या आचेला गाडीच्या बॉडीचा रंग आणि पुट्टी टिकत नाही. म्हणून सुटे भाग आधी भट्टीत, मग दारं टांगून फटी जुळवायच्या, आणि रंग सगळ्यात शेवटी. एक बिजागरी अडली की अख्खी गाडी अडली. शेजारच्या रंगाऱ्याकडे बॉडी चार महिने नुसत्या प्रायमरवर उभी होती. ओल धरली तर सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. रंगारी येता-जाता भट्टीवाल्याच्या नावाने बोटं मोडायचा.

भट्टीवाल्याला नवल वाटे. इतके काटेकोर बापलेक त्याने पाहिले नव्हते. स्क्रूसुद्धा डबीत घालून, वर नाव लिहून आणायचे. तरी दर शनिवारी काहीतरी राहायचंच. मागे एक पट्टी, त्याआधी स्प्रिंगची वाटी. वेंधळेपणालाही काही सुमार असतो.

मंगळवारी बाई एकटीच आली. भाजून दिलेलं एक ब्रॅकेट तिने पुढे केलं.

"चरा पडलाय. पुन्हा भाजावं लागेल ना?"

त्याने ब्रॅकेट उजेडात धरलं. चरा सरळ होता, खोल होता, आतलं लोखंड ताजं चमकत होतं.

"हा पडलेला नाही, ताई. पाडलेला आहे. स्क्रूड्रायव्हरने."

ती लाल झाली. मग खुर्ची ओढून बसली.

"बाबांना सांगू नका. ते माझे वडील नाहीत, सासरे आहेत. म्हणजे होते. मागच्या वर्षी आमच्या घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या, मुलगा त्यांचा परदेशी गेला. दर शनिवारी गाडीच्या निमित्ताने त्यांच्याकडे जाते. दोघं मिळून घासतो, चहा होतो, भांडणंही होतात. रंग झाला की गाडी झाली. मग मी कुठल्या नात्याने त्यांचं दार वाजवू?"

भट्टीवाल्याने ब्रॅकेट ठेवून घेतलं आणि चहा मागवला.

शनिवारी दोघं आले. बिजागरी पुन्हा राहिली होती. म्हातारा "विसरलोच की!" म्हणत खिशातून रुमाल काढायला गेला, आणि रुमालाबरोबर काहीतरी खणकन फरशीवर पडलं.

आठवी बिजागरी. चिठ्ठी तशीच बांधलेली.

बाई बघतच राहिली. "बाबा, खिशात होती? मागच्या शनिवारीही?"

"स्प्रिंगची वाटीही माझ्याच कपाटात होती," म्हातारा खाली बघत म्हणाला.

"आणि पट्टी मी लपवली होती," ती म्हणाली. "ब्रॅकेटवर चराही मीच पाडला."

भट्टीवाल्यालाच अवघडल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "बरं, आता होऊ द्या रंग. काका, तरुणपणची लाडकी गाडी ना तुमची? पहिली चक्कर तुम्हीच मारा."

"तरुणपणची कुठली?" म्हातारा म्हणाला. "हिच्या सह्या झाल्या, त्याच आठवड्यात भंगारातून आणली. मला गाडी चालवताच येत नाही."