हवालदाराची जीप

"सावकाश हाका हवालदार," अंबूबाई मागून दुसऱ्यांदा म्हणाली. "धक्के बसत्यात त्यास्नी."

मानसिंगनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सावकाश हाकायची ही वेळ होती का? मागं आडवा पडलेला तिचा नवरा, जोतिबा, सांगलीच्या दवाखान्यात जिता पोचला तर जीप चालू राहणार होती. नाहीतर किल्ली सरपंचाच्या पुढ्यात टाकून मोकळं व्हायचं, असं त्यानं सकाळीच ठरवून टाकलं होतं.

जीप कुंडल गावची. मिलिटरीनं लिलावात काढलेली, गावानं वर्गणी करून आणलेली. फौजेतनं पेन्शनीवर आलेल्या, मानसिंग हवालदारासकट सात ड्रायव्हरांनी पाळ्या लावून घेतल्या. आजारी म्हातारा असो, अडलेली बाळंतीण असो, नाहीतर साप चावलेला गडी असो, फुकट सांगलीला. वर्षभर गावानं त्यांना डोक्यावर घेतलं. मग उन्हाळा लागला आणि एकामागं एक दोन पेशंट वाटेतच गेले. लोकांच्या जिभेला काय हाड असतं? जीपचं नाव पडलं यमाचा रेडा. मग कुणाची कंबर धरली, कुणाला पाव्हण्यांकडं जायचं निघालं. सहा जणांनी अंग काढून घेतलं आणि एकटा मानसिंग राहिला.

त्यानं एक नियम तेवढा कडक धरला. जीपमधनं मढं न्यायचं नाही. मढ्याची गाडी असं एकदा लोकांच्या मनात बसलं की त्या जागी जिता माणूस पाठ टेकत नाही. म्हणून बनुबाईचा नवरा तासगावच्या अलीकडं गेला तेव्हा त्यानं तिथंच जीप थांबवली, मढं खाली घेतलं आणि तिला बैलगाडी करून दिली. बनुबाईनं भर रस्त्यात त्याला शिव्याशाप दिले. मानसिंगनं मान खाली घालून ऐकून घेतले, पण नियम काही सोडला नाही.

आज सकाळी जोतिबाला आणायला तो गेला तर सगळी आळी दारात उभी. चौघांनी जोतिबाला घोंगड्यासकट उचलून मागं ठेवलं. गडी उंच, पाय बाहेर यायला लागले, म्हणून मागची फळी उघडीच ठेवून दोरीनं बांधली. तापानं उजेड सोसत नाही म्हणत अंबूबाईनं त्याच्या तोंडावर धोतर ओढलं. कुणी सोबतीला चढलं नाही. नीट न्या, एवढंसुद्धा कुणाच्या तोंडातनं निघालं नाही. बायका पदर तोंडाला लावून उभ्या. मानसिंगच्या जिवाला फार लागलं. माझ्या गाडीची एवढी धास्ती घेतली होय रं, असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं.

तासगावात ओळखीचा डॉक्टर होता. एक सुई तरी टोचून घेऊ, मानसिंग म्हणाला. अंबूबाई ऐकेना. सांगलीशिवाय कुठंच थांबायचं नाही, हा एकच हेका.

"सांगलीत तुमच्याजवळ थांबायला कोण हाय वैनी?" त्यानं विचारलं.

"माझा गुंडा हाय की."

 तिचा एकुलता लेक गुंडा सांगलीत होता खरा, पण तुरुंगात. पाण्याच्या पाळीवरनं कुऱ्हाड चालवून आत गेलेला. काळजीनं बाईचं डोकं फिरलंय, त्याला वाटलं. अशा वेळी कुणाची चूक काढून काय मिळवायचं? त्यानं पाय आणखी दाबला.

मागं वळून बघायचा त्याला धीर होत नव्हता. बनुबाईच्या वेळी तो असाच वळला होता. आज त्यानं कान तेवढे मागं लावून ठेवले. अंबूबाई नवऱ्याशी हळूहळू बोलत होती. आवं, कवलापूर गेलं बघा. आवं, आता लय लांब न्हाई. ती बोलतेय तोवर जोतिबात धुगधुगी आहे, असं मानसिंगनं मनाशी धरलं. ती मधेच थांबली की तो मोठ्यानं खाकरून तिला बोलतं करायचा.

पुढं रेल्वेचं फाटक लागलं, आणि ते बंद. मालगाडी यायची होती. मानसिंगनं फाटकवाल्याच्या हातापाया पडून बघितलं, पण तो बिचारा तरी काय करणार? ऊन नुसतं भाजून काढत होतं. शेवटी न राहवून मानसिंग मागं गेला, नाडी बघायला त्यानं हात पुढं केला. अंबूबाईनं तो मनगटाला धरून बाजूला केला.

"नगा हात लावू. आत्ता कुटं निवांत झाल्यात."

तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. रडला तो मानसिंगच. दोन लढाया बघितलेला गडी चाकाशी उकिडवा बसून पोरासारखा रडला. देवा, ह्यो एक तेवढा पोचू दे, मग मी तुझ्याकडं कायबी मागायचा न्हाई, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. अंबूबाई वरनं त्याच्याकडं बघत होती. मग तिनं जोतिबाच्या तोंडावरचं धोतर नीट केलं.

फाटक उघडलं तशी त्यानं जीप अशी पिटाळली की सायकलवाले भराभर रस्त्याच्या कडेला झाले. सांगली आली. दवाखान्याचा रस्ता समोर दिसला तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. हॉर्नवर हात ठेवून त्यानं जीप तिकडं वळवायला घेतली.

"पोचलो वैनी," तो वळून न बघताच म्हणाला. "तुमच्या धन्याला पोचवलं बघा."

मागनं अंबूबाईचा हात त्याच्या खांद्यावर आला.

"दवाखाना ऱ्हाऊ द्या हवालदार, तुरुंगाकडं घ्या," ती म्हणाली. "पहाटंच गेलं त्ये. गुंडाला बापाचं तोंड तेवढं दावते, मग आमास्नी कुटं उतरवायचं तितं उतरवा."