सोवळ्यातली वीज

"कुकर कोळशावर लावू नकोस हं," नाकातली ऑक्सिजनची नळी सावरत सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "नैवेद्याचं आहे."

मृणालने कपाळावर हात मारला. प्रत्येक बटणावर हवी ती वीज निवडता येणारं मीटर बसलं आणि घरात हे नवंच सोवळं सुरू झालं. उन्हाची वीज देवाची, वाऱ्याची आणि पाण्याची चालण्यासारखी, अणूच्या विजेचं नावही काढायचं नाही आणि कोळशाची म्हणजे ओवळी.

"आई, आभाळ गच्च भरलंय, वारा पडलाय. धरणाच्या विजेचा आपला आजचा वाटाही संपला. पुरणाची डाळ सकाळपासून नुसती भिजतेय!"

"मग थांबू. पडेल ऊन."

बाहेरच्या खोलीत मृणालचे बाबा जेवायला खोळंबले होते. त्यांची सगळी नोकरी कोळशाच्या वीजकेंद्रात गेली होती. आतलं बोलणं त्यांना स्पष्ट ऐकू येत होतं, म्हणूनच ते पेपरात डोकं खुपसून बसले होते.

ते पाहिलं आणि मृणालचा तोल गेला.

"तुमचं ऑक्सिजनचं मशीन सकाळपासून कशावर चाललंय, माहितेय? कोळशावर! करू बंद?"

सासूबाईंचा हात नळीकडे गेला. त्या पुटपुटल्या, "औषधाला सोवळं नसतं."

"मोठ्याने बोला, आई," कुकरचं बटण कोळशावर फिरवत मृणाल म्हणाली. "बाहेर बाबांना ऐकू जाऊ दे."