इंग्रजी आठ

पट्टा परत घसरला. पितळेच्या तुकड्याला हत्यार टेकलं रे टेकलं, की तुकडा जागच्या जागी थांबायचा. खालचं जड चाक मात्र मजेत फिरत राहायचं.

"अजून ताण ना, बा," जयवंता म्हणाली.

"ताणला तर तुटंल गं. चामडं हाय, रबर नाय."

येसाजी कर्जतच्या इंजिनशेडमध्ये फिटर होता. लढाई सुरू झाल्यापासून विकतचा लेथ, म्हणजे धातू फिरवत कातायचं यंत्र, मुंबईतसुद्धा मिळेना, म्हणून बापलेकींनी दहिवलीच्या घराच्या पडवीत स्वतःच एक उभा केला होता. सागाच्या ओंडक्यावर आडवा टाकलेला रुळाचा तुकडा, पाय मारायला फळी, आणि फिरत्या दांड्याला टेकू म्हणून तूर्त लाकडाच्या खाचा. पितळेचा हा तुकडा नीट कातला गेला तर लाकडाच्या जागी तोच बसणार होता. म्हणजे लेथ आपला पहिला भाग आपणच घडवणार होता! या विचाराने जयवंताला सकाळपासून भूकच लागली नव्हती.

जड चाकाची कल्पनाही तिचीच. दळताना खुंटा सोडला तरी जात्याचा दगड थोडा वेळ फिरत राहतो, हे तिने कितीदा तरी पाहिलं होतं. मग लेथला तसाच दगड का नको? तिने कोपऱ्यातल्या जुन्या जात्याचा वरचा दगड बापाकडून उचलवून घेतला आणि आसावर पाचरी मारून उभा बसवला. त्याच्यावरून वरच्या दांड्यावर पट्टा चढवला.

तिची आई सोनुबाई माहेरी पोशीरला गेली होती. उद्या येणार होती. ती आजच आली.

डोक्यावरचं बोचकं तसंच ठेवून ती पडवीच्या पायरीवर उभी राहिली. लेथकडे तिने पाहिलंच नाही. दगडाकडे पाहिलं आणि हे कोणी काढलं एवढंच विचारलं. जयवंताने फळीवरचा पायही न उचलता सांगितलं, मी. रोजचं जातं जागेवर आहे, हे नुसतंच कोपऱ्यात पडून होतं.

"पडून नाय. ठेवलंय," सोनुबाई म्हणाली. "तुज्या दोनी आत्यांची हळद त्याच्यावर दळली. आता तुजी दळायची हाय."

येसाजी पाचरी काढायला निमूट हातोडी शोधू लागला. हातोडी जयवंताने आधीच पाठीमागे धरली होती. आई, एकदा चालताना बघ, तिने गळ घातली, नाही आवडलं तर मी स्वतः उचलून जागेवर ठेवते. मोठ्या माणसांशी असं मान वर करून बोलायला ती अलीकडेच लागली होती, आणि तिला ते फार आवडायचं.

तिने पाय मारला. दगड फिरू लागला. सोनुबाईने बोचकं खाली ठेवलं, पुढे आली आणि तळहात टेकवून दगड थांबवला.

"उलटं फिरतंय."

"मंग काय झालं, आये?"

"जातं उलटं फिरवू नये. माज्या घरात तर नायच."

येसाजीने समजावून पाहिलं. दगड तिच्या मनासारखा फिरवला तर वरचा दांडाही त्याच दिशेने, हत्याराच्या धारेला उलटा फिरेल आणि पितळ कातलंच जाणार नाही. दगड पालटून बसवायचा तर पाचरी फुटतील, आसही नवा करावा लागेल. सोनुबाईने सगळं ऐकून घेतलं आणि मग काढा, असं म्हणाली.

जयवंता मात्र जमिनीवर बसली होती. दगड असा फिरायला हवा, दांडा तसा. तिने धुळीत दोन वाटोळी काढली. त्यांच्याभोवती पट्ट्याची रेघ ओढली, पुसली, परत ओढली. या वेळी मधे फुली पडली, आणि ती टुणकन उठली.

"बा, इंग्रजी आठ. पट्टा इंग्रजी आठासारखा घाल."

आपला आठ नव्हे, शाळेच्या फळ्यावरचा, कमरेत पिळलेला. येसाजी खाली वाकला, त्याने त्या सबंध रेघेवरून बोट फिरवून आणलं आणि स्वतःलाच हसू लागला. शेडमध्ये असा पिळाचा पट्टा तो रोज डोळ्यांसमोर पाहत होता.

पिळल्यावर पट्टा आखूड पडला. येसाजीने कमरेचा रेल्वेचा पट्टा सोडला, कापला आणि टोच्याने भोकं पाडून जोडला. त्यानंतर त्याचा एक हात विजार धरण्यात गुंतला. सोनुबाईने पदर तोंडाला लावला. हत्यार धरायला आता दोन हात फक्त जयवंताकडे होते.

तिने दगडाला दळताना देतात तसा हात दिला आणि फळीवर पाय मारला. दगड सुलटा फिरला. वर दांडा त्याला हवा तसा फिरला. तिने हत्यार टेकवलं.

पट्टा घसरला नाही. पिळामुळे त्याने चाकाला असं कवटाळलं होतं की सोडायला तयार नव्हता. पितळ आधी खरखरलं, मग एकसुरात किणकिणू लागलं. पिवळा बारीक चुरा भुरुभुरु खाली पडू लागला. जयवंताचा पाय थांबेना, बापाचं हसू थांबेना.

सोनुबाई लेथशेजारी उकिडवी बसली. पडणाऱ्या चुऱ्याखाली तिने ओंजळ धरली. चिमूटभर उचलून पीठ बघतात तसा बोटांत चोळून पाहिला.

"जाड पडतंय गं," ती म्हणाली. "हात जरा हलका धर."