अकारविल्हे

देवघेव खिडकीवरचे काका पडद्याकडे बघून इतक्या मोठ्याने हसले की वाचनकक्षातल्या दोघांनी माना वर केल्या.

"सूचीबाई, जरा इकडे या. हा तुमचाच पराक्रम ना?"

सूचीबाई हात पुसत आल्या. पडद्यावर सगळ्या शाखांचं सामायिक पान उघडं होतं. महिनाभर जो तो या पानावर वाचकांचे प्रश्न टाकत होता, आणि ज्याला उत्तर ठाऊक असेल तो त्याखाली लिहीत होता. आज चार वाजता ग्रंथपाल हे पान वाचकांसाठी खुलं करणार होते. सकाळी त्यावरचा पसारा पाहून सूचीबाईंचे हात शिवशिवले. उभी नोकरी पुस्तकांच्या सूची लावण्यात गेलेली. त्यांनी एकेक ओळ उचलून सगळं पान अकारविल्हे लावलं आणि समाधानाने जेवायला गेल्या.

काका वाचू लागले. "'उशिरा पुस्तक आणणाऱ्या आजोबांचं काय करावं?' खाली उत्तर, 'ऊन दाखवा, वास जातो.'"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

"थांबा, पुढे तर ऐका. 'वाचनकक्षात झोपणाऱ्यांना कसं उठवावं?' 'वाळवीचं औषध मारा आणि दोन दिवस दार बंद ठेवा.'"

सूचीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. प्रश्न एका अक्षरात गेला की त्याचं उत्तर दुसऱ्याच अक्षरात जाणार, हे लावताना एकदाही डोक्यात आलं नव्हतं. सगळ्यांचं महिन्याचं काम, आणि चार वाजत आलेले.

त्या दाबून-बघा मॅडमकडे वळल्या. नवी तंत्रं शिकवायचं काम ग्रंथपालांनी या मॅडमकडे दिलं होतं. त्या मात्र काहीच शिकवत नसत. काहीही विचारा, एकच उत्तर, म्हणून हे नाव.

"हे पुन्हा होतं तसं कसं करायचं?"

"तुम्हाला काय वाटतं, कुठे असेल?"

"मला वाटतं, मला अक्कल नाही. सांगून टाका ना हो! चार वाजता सगळ्यांसमोर शोभा होणार माझी."

"सांगितलं तर पुढच्या वेळी पान सोडून मला शोधाल. दाबून बघा."

"एवढं दाबलं ते पुरे नाही झालं? आजचं निभावू दे. उद्यापासून मी या यंत्राच्या वाटेला गेले तर विचारा."

तरीही त्या खुर्चीवर बसल्या. काय करावं ते सुचेना, म्हणून अनोळखी पुस्तक हातात आल्यावर करत तेच त्यांनी केलं. मजकूर सोडून कडेची बारीक अक्षरं वाचायला घेतली. लिहा. जतन करा. मागील आवृत्त्या.

आवृत्त्या?

त्यांनी दाबलं. पानाच्या आवृत्त्या एकाखाली एक उलगडल्या. वर सगळ्या त्यांच्याच, सकाळच्या. त्याखाली कालची. ती उघडली तर तोच जुना पसारा समोर आला. आजोबांच्या प्रश्नाखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'आधी बसायला खुर्ची द्या.' शेजारी लहानशी चौकट होती: ही आवृत्ती परत आणा.

सूचीबाईंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

त्यांनी दाबलं.

पान परत आलं. सूचीबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या मागे टेकल्या तेव्हा कुठे पाठीने सांगितलं की इतका वेळ आपण वाकूनच बसलो होतो.

"सुटलात बुवा," काका म्हणाले. "आता हात लावू नका."

सूचीबाईंनी क्षणभर विचार केला. मग पान वरपासून खालपर्यंत निवडलं आणि पुसून टाकलं. पडदा पांढराफटक.

"अहो बाई! काय केलंत हे!"

"हळू बोला. लोक वाचतायत."

त्यांनी आवृत्त्या उघडल्या आणि पान परत आणलं. पुन्हा पुसलं, पुन्हा आणलं. तिसऱ्यांदा पुसताना त्यांना हसू आवरेना. उन्हात वाळत घातलेले आजोबा आता कुठे त्यांच्या डोळ्यांपुढे आले होते.

दारातून ग्रंथपालांनी विचारलं, "झालं का पान?"

"झालंच आहे साहेब. पाच मिनिटं द्या," पान परत आणत सूचीबाई म्हणाल्या.

काकांनी महिनाभर आपली सगळी उत्तरं तोंडीच सांगितली होती. लिहायला नेहमी दुसरं कोणीतरी. सूचीबाई उठल्या आणि त्यांच्यासाठी खुर्ची मागे ओढून उभ्या राहिल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही बिघडवा."