एका दमात

"या नव्या चपलांनी जीव घेतला माझा," सूनबाई ओट्याशी पुटपुटली आणि वाकून डावी पोटरी दाबू लागली.

सासूबाईंनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. हल्ली त्यांचं हेच चाललं होतं. सूनबाईला जिना चढताना धाप लागते, सकाळचा चहा नकोसा होतो, चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या जाऊन गाल कसे तुकतुकीत झालेत, सगळं त्यांना दिसत होतं. पण विचारायचं नाही, असं मुलानं बजावलं होतं. "तिला वाटेल तेव्हा ती सांगेल, आई."

सांगू दे बापडी. तोंड मिटून त्यांनी ट्रंकेतली मऊ लोकर तेवढी काढून ठेवली होती. पांढरी. मुलगा असो की मुलगी, चालून जाते.

"बाहेर जाऊन पाय वर घेऊन बस बरं," त्या म्हणाल्या. "असं व्हायचंच."

"कशानं, आई?"

"चपलांनी ग! आणखी कशानं?" आणि त्या स्वतःशीच हसल्या.

बाहेरच्या खोलीत त्यांचा दुसरा अभिमान बसला होता, त्यांची लेक. लहानपणी बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून घरात तिला फटफटी म्हणत. तेव्हा मार खाल्ला त्या बोलण्यापायी. आता त्याच बोलण्याचं, जाहिरातीतल्या आवाजाचं, बक्षीस टीव्हीशेजारी दिमाखात उभं होतं. काचेचं, जड. सासूबाईंनी सकाळपासून ते तीनदा पुसलं होतं.

शेजारच्या मास्तरीणबाई खास ते बघायला आल्या होत्या. कानानं जरा कमी, पण नजर अजून वर्गावर असल्यासारखी.

"ती केस उडवणारी मुलगी येते, तीच ना जाहिरात? 'रोज एक गोळी, उजळेल कळी'?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं, साबणाची आहे."

"साबण कसला! मूल न होण्याच्या गोळ्या आहेत त्या," सासूबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. मग नेहमीच्या आवाजात, "आपल्या घरात कशाला लागतायत म्हणा! पण आवाज आमच्या पोरीचा."

"'उजळेल कळी' दुसरीच म्हणते, आई. माझं शेवटी असतं," फटफटी हसत म्हणाली. "त्या सूचना असतात ना, धाडधाड, संगीताखाली? त्या माझ्या. जाहिरातवाल्या साहेबांनी सांगितलेलं, ऐकू आलं पाहिजे, पण लक्षात राहता कामा नये. इतर सगळ्यांचा दम तुटला. माझा नाही."

"म्हणून दाखव की!"

फटफटीनं छाती भरून श्वास घेतला आणि सुटली. शब्दाला शब्द चिकटून आगगाडीसारखे निघून गेले. चपलांना नावं ठेवत स्टुलावर पाय घेऊन बसलेल्या सूनबाईनं टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी तर डोळेच पुसले.

मास्तरीणबाईंनी मात्र कानामागे हात धरला होता. "मला एक अक्षर कळलं नाही. वर्गात असं वाचलं असतंस तर परत उभं केलं असतं तुला. सावकाश वाच."

"सावकाश?" फटफटीला गंमत वाटली. "सावकाश कधी म्हटलंच नाही मी."

"दाखव ग, उच्चार किती स्वच्छ आहेत ते कळू दे त्यांना," सासूबाई म्हणाल्या.

फटफटी ताठ बसली. "या गोळीमुळे क्वचित रक्ताची गुठळी होऊ शकते. धूम्रपान करणाऱ्यांनी ही गोळी घेऊ नये. एकाच पायाला सूज आली... पोटरी दुखू लागली... धाप लागली, तर..."

ती अडखळली. आयुष्यात पहिल्यांदा.

तिची नजर स्टुलावर गेली होती. तिथे वहिनीचे दोन पाय शेजारी शेजारी ठेवलेले होते. उजव्या पायाचा घोटा दिसत होता. डाव्याचा नव्हता.

"तर काय?" मास्तरीणबाईंनी दरडावलं. "वाक्य पुरं कर."

"तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावं," फटफटी अगदी हळू म्हणाली. "वहिनी, चपला तर दोन्ही पायांत होत्या ना ग?"

सूनबाईनं वाकून आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं.

"इश्श, तिचं कारण वेगळं आहे!" सासूबाईंना आता राहवेना. आनंदानं त्यांचा चेहरा फुलून आला होता. त्यांनी सुनेचा हात हातात घेतला. "किती लपवशील अजून? बोल, बाई. मी लोकरसुद्धा काढून ठेवलीय."

सूनबाईनं त्यांचा हात घट्ट धरला. बोलण्याआधी तिला दोनदा श्वास घ्यावा लागला.

"आई, मी तीच गोळी घेते."