आईचं कार्ड

दुरुस्तीवाल्याने चारही डिस्क टेबलावर मांडल्या. "या धडधाकट आहेत, ताई. जळलंय ते जोडणारं कार्ड. आईंचं मन या चारांत तुकड्यातुकड्यांनी ठेवलंय आणि ते जुळवायचं कसं, हे फक्त त्या कार्डाला ठाऊक होतं. तसं कार्ड आता कुठेच मिळत नाही. जुळवणी सॉफ्टवेअरवरच ठेवली असती, तर आई कुठल्याही मशीनवर बोलल्या असत्या."

आई गेल्यावर आधी सॉफ्टवेअरच होतं. पण त्यावर आई बोलताबोलता अडखळायची, म्हणून शर्वरीनेच हट्टाने कार्ड बसवून घेतलं होतं.

बाबांनी एक डिस्क उचलून ओंजळीत धरली.

"लग्नातल्या उखाण्यातही माझ्या नावाशी अशीच अडखळली होती गं ती," ते म्हणाले. "मला तर तेच ऐकायचं असायचं."